टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा पॉवर व्हॉल्व्ह : जुळणी, निगा आणि रायगडचा किनारा

टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला जळका वायू बाहेर सोडणारे जे भोक असते, ते एक्झॉस्ट पोर्ट. इंजिन चालू असताना या पोर्टची वरची कड खाली-वर करणारा भाग म्हणजे पॉवर व्हॉल्व्ह. फोर-स्ट्रोक इंजिनातल्या व्हॉल्व्हप्रमाणे तो दर फेऱ्याला उघडत-मिटत नाही. इंजिनाचा वेग कमी असेपर्यंत तो खाली उतरून पोर्ट बुटके ठेवतो आणि वेग वाढला की वर सरकून ते पूर्ण मोकळे करतो. कोणत्या वेगाला त्याने हलू लागावे, किती झपाट्याने उघडावे आणि पूर्ण कधी उघडावे, हे ठरवण्याला त्याची जुळणी म्हणतात. वरून पाहता हे एका स्क्रूचे आणि एका स्प्रिंगचे काम आहे. प्रत्यक्षात स्क्रू फिरवण्याआधी इतके काही तपासावे लागते, की नीट तपासणी केल्यावर स्क्रूला हात लावण्याची गरजच बहुतेकदा उरत नाही. खारे वारे, दमट हवा आणि बारीक लाल धूळ असलेल्या रायगडच्या किनारपट्टीवर तर हे अधिकच खरे आहे.

पॉवर व्हॉल्व्हची गरज कशी निर्माण झाली, हे वेळेच्या हिशेबातून समजते. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडा पडतो. जळका वायू दाबाने बाहेर जातो आणि मग ट्रान्स्फर पोर्ट उघडून पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण आत येते. परत वर जाताना ट्रान्स्फर पोर्ट आधी मिटतात आणि एक्झॉस्ट सर्वांत शेवटी. समजा, एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या ३६० अंशांपैकी १९० अंश उघडा राहतो. मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात हा काळ सुमारे ३.२ मिलिसेकंद भरतो. तेच इंजिन ४,००० फेऱ्यांवर असेल तर ७.९ मिलिसेकंद. एवढ्या वेळात ताजे मिश्रण भराभर बाहेर निसटते, कोंडला जाणारा दाब घटतो आणि गाडीला पिकप राहत नाही. पोर्ट बुटके करून ते १६५ अंशांवर आणले तर खालच्या वेगाला जोर येतो. मात्र वरच्या वेगाला जळका वायू पुरता बाहेर पडायलाच वेळ मिळत नाही आणि इंजिन मध्येच दम तोडते. पोर्ट एकाच उंचीचे असेल तर दोन्हींपैकी एक सोडावे लागते.

या अडचणीत भर घातली ती फुगीर पाइपने. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात एक्स्पान्शन चेंबरचे शास्त्र पक्के केले. पाइपच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबलहर नेमक्या क्षणी पोर्टपाशी पोहोचली, तर बाहेर निसटलेले मिश्रण ती पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. याच बळावर १९६१ च्या मोसमात एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्तीपर्यंत मजल मारली. म्हणजे लिटरमागे २०० अश्वशक्ती. त्याच वर्षी स्वार अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निसटले, सुझुकीला जाऊन मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांनी ५० सीसीचे जगज्जेतेपद मिळवले. काडेन यांचे ज्ञान अशा रीतीने जपानला पोहोचले. पण लहरीचा मेळ एका अरुंद वेगपट्ट्यातच जमतो. त्याच्या खाली लहर फार लवकर परतते आणि मदत करण्याऐवजी घोटाळाच करते. जितके इंजिन ताकदवान, तितका हा पट्टा अरुंद झाला आणि अशी गाडी चिखलात किंवा वळणावर सांभाळणे कठीण होऊन बसले.

भारतीय वाचकाला ही ओढाताण वेगळ्या रूपात परिचयाची आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून राजदूत ३५० या नावाने यामाहा आरडी ३५० बनवली. तिचे दोन प्रकार निघाले : ३०.५ अश्वशक्तीचा हाय टॉर्क आणि २७ अश्वशक्तीचा लो टॉर्क. मायलेज सुधारायचे तर ताकद कमी करावी लागली, कारण त्या सिलिंडरमध्ये पोर्टची उंची चालत्या इंजिनात बदलण्याची सोय नव्हती. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या आरएक्स १०० मध्ये ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती मिळत असे. तिथेही पोर्ट स्थिरच होता. रीड व्हॉल्व्ह आणि हलके वजन यांनी बाजू सावरली. यामाहाने परदेशात १९८३ मध्ये पॉवर व्हॉल्व्हसह आणलेली आरडी ३५० वायपीव्हीएस भारतात विक्रीला आलीच नाही. त्यामुळे टू-स्ट्रोकवर हात बसलेल्या आपल्याकडच्या कुशल मेकॅनिकांनाही पॉवर व्हॉल्व्ह फार उशिरा, तोही आयात केलेल्या डर्ट बाइकमध्येच पाहायला मिळाला. आरएक्सवर शिकलेले बरेच काही इथे उपयोगी पडते, आणि तिथल्या काही सवयी इथे महागात जातात. त्या कोणत्या, हे पुढे येईल.

पॉवर व्हॉल्व्ह प्रथम गाजला तो शर्यतीच्या ट्रॅकवर. केनी रॉबर्ट्स यांनी १९७८ मध्ये यामाहा वायझेडआर ५०० वर ५०० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले, तेव्हा त्या गाडीत ही योजना होती. पुढे १९८२ च्या वायझेड २५० मध्ये ती मोटोक्रॉसच्या गाडीवर आली. होंडाने १९८४ मध्ये एटॅक नावाची निराळी वाट धरली. तिच्यात पोर्टची उंची बदलत नसे. पाइपच्या सुरुवातीला एक छोटी कोठडी जोडलेली असे, ती खालच्या वेगाला उघडी राही आणि वरच्या वेगाला मिटे. १९८६ च्या सीआर २५० मध्ये होंडानेही पाती सरकवणारी एचपीपी योजना स्वीकारली. कावासाकीची किप्स १९८५ च्या केएक्समध्ये आली. सुझुकी, रोटॅक्स आणि केटीएम यांनी आपापली रूपे बनवली. नावे बरीच असली तरी घाट तीनच : पोर्टवर सरकणारी सपाट पाती, बिजागरीवर डोलणारी झडप आणि खाच पाडलेली आडवी फिरकी. काही इंजिनांत मुख्य पोर्टला झडप आणि बाजूच्या छोट्या पोर्टना फिरक्या, अशी जोडी असते.

जुळणीच्या दृष्टीने घाटापेक्षा व्हॉल्व्हला हलवतो कोण, हे महत्त्वाचे. डर्ट बाइकमध्ये सर्वाधिक आढळतो तो गव्हर्नर. क्लचच्या बाजूच्या कव्हरखाली, गिअर ऑइलमध्ये, क्रँकच्या गिअरवर फिरणारा एक दांडा असतो. त्यावरच्या उतरत्या खाचांत पोलादी छर्रे बसवलेले असतात. वेग वाढला की छर्रे बाहेर फेकले जातात, उतारावर चढतात आणि स्प्रिंग दाबत एक चकती सरकवतात. चकतीला लागलेला काटा दांडीवाटे व्हॉल्व्ह उघडतो. दुसरी पद्धत सर्व्हो मोटरची. तिच्यात विजेवर चालणारी छोटी मोटर दोन केबलींनी फिरकी फिरवते. आरडी ३५० वायपीव्हीएसमध्ये जुळणी म्हणजे केबलींचा ढिलेपणा काढून पुलीवरची खाच आणि तिच्या घरावरचे छिद्र समोरासमोर आणणे. तिसरी पद्धत रोटॅक्सची. सिलिंडरमधला दाब एका रबरी पडद्यावर येतो, पडदा स्प्रिंगविरुद्ध उचलला जातो आणि पाती वर सरकते. वरच्या लाल टोपीवरचा स्क्रू आत घेतला की स्प्रिंग आवळते.  त्यात रबर फाटले की स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नाही. चौथी आणि सर्वांत नवी पद्धत पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. तिच्याविषयी शेवटी.

रायगडशी या गाड्यांचा संबंध दोन बाजूंनी येतो. या गाड्या आयात होतात, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असलेले न्हावा-शेवा रायगडच्याच उरण तालुक्यात आहे. शिवाय मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतल्या स्वारांना सुट्टीच्या दिवशी हा किनारा हाताशी आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाल्यापासून गाडी ट्रेलरवर घालून अलिबागला आणणे सोपे झाले. पुण्याकडचा मार्ग ताम्हिणी उतरून माणगाव-कोलाडकडे येतो. खेळालाही महाराष्ट्रात अलीकडे मोठे व्यासपीठ मिळाले आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली आणि तिच्यात कुमारांसाठी ८५ सीसीचा वर्ग होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने आपल्या स्पर्धेच्या गाड्या भारतात आणल्या, त्यांत टू-स्ट्रोक ८५ एसएक्स आहे. पॉवर व्हॉल्व्ह असलेले हे छोटे इंजिन इथल्या अनेक मुलांचे पहिले खरे शर्यतीचे इंजिन ठरणार आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या गाड्यांची आरटीओकडे नोंदणी होत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर त्या चालवता येत नाहीत. समुद्राची पुळण हीसुद्धा त्यांची जागा नव्हे. श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे, आणि चाकाखाली दाबलेल्या वाळूत घरटे टिकत नाही. गाडीचेही हित त्यातच आहे, कारण खाऱ्या ओल्या वाळूइतके वाईट या इंजिनाला दुसरे काही नाही. मालकाच्या परवानगीने वापरलेली खासगी माळजमीन, हीच योग्य जागा.

किनाऱ्यावर पॉवर व्हॉल्व्ह बिघडतो तो मुख्यतः अडकल्यामुळे. अडकण्याची कारणे दोन, आणि ती एकमेकांना साथ देतात. पहिले कारण काजळी. मिश्रणातले ऑइल पुरते जळले नाही की त्याचा चिकट काळा थर पाती आणि तिच्या खाचेत बसतो, आणि तापून तापून तो दगडासारखा कडक होतो. ज्या गाड्या बहुतेक वेळ कमी वेगाला, घाबरत-घाबरत चालवल्या जातात, त्यांत हे लवकर होते. गाडी हळू चालवली म्हणजे ती जपली, ही समजूत टू-स्ट्रोकला लागू नाही. दुसरे कारण गंज. सिलिंडर ॲल्युमिनियमचा, तर पिना, दांडे आणि स्क्रू पोलादाचे. खारट ओलावा मिळाला की या दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते, स्क्रू जाम होतात आणि जोर लावला की आटे जातात. जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टरमधून गेली तर रिंग झिजवते. ऑइलने ओल्या झालेल्या व्हॉल्व्हच्या कप्प्यात ती शिरली तर खलातल्या भुकटीसारखी काम करते.

व्हॉल्व्ह कुठे अडकला आहे, हे गाडीच्या वागण्यावरून बऱ्यापैकी कळते. मिटलेल्या स्थितीत अडकला तर खाली जोर चांगला, चढावर गाडी खेचते, पण वरच्या वेगाला कोणी गळा धरल्यासारखी थांबते. उघडा अडकला तर उलट : खाली गाडी अगदी मरगळलेली, सुरुवातीला घुटमळते आणि मग एकदम सुटते. घोळ असा की हीच लक्षणे इतर बिघाडांतही दिसतात. मुख्य जेटमध्ये कचरा असला तरी वरचा वेग जातो. रीडची पाकळी तुटकी असली तरी खालचा जोर जातो. सायलेन्सरची लोकर ऑइलने भिजली असली तर सगळीकडेच सुस्ती येते. क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले असेल तर गिअर ऑइल सिलिंडरमध्ये ओढले जाऊन पांढरा धूर निघतो आणि काजळी दुप्पट वेगाने साठते. अशा वेळी पॉवर व्हॉल्व्ह कितीही साफ केला तरी तो पुन्हा भरतो. म्हणून आधी प्लग, फिल्टर, कार्ब्युरेटर, रीड, सील आणि मगच व्हॉल्व्ह, हा क्रम मोडू नये.

काही इंजिनांत सिलिंडरच्या बाजूचे छोटे झाकण काढून व्हॉल्व्हचा दांडा उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. त्यावर मार्करने रेघ मारावी, इंजिन गरम करून क्षणभर रेस द्यावी. वेग वाढताच रेघ सरकली आणि वेग उतरताच सरळ मूळ जागी आली, तर गव्हर्नर आणि दांडी ठीक. रेघ अडखळत सरकली किंवा परतलीच नाही, तर व्हॉल्व्ह बाहेर काढावा लागेल. बोटाने फिरवून पाहिले तर निरोगी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराविरुद्ध एकसारखा हलतो. मध्ये कुठेही खरखर लागत नाही. दोन मिनिटांच्या या तपासणीने कितीतरी अनावश्यक जुळण्या टळतात.

साफसफाई हा या कामाचा खरा गाभा. व्हॉल्व्ह काढण्याआधी प्रत्येक भागाचे वर-खाली, डावे-उजवे खुणावून ठेवावे आणि फोटो काढावा. अनेक इंजिनांत डाव्या-उजव्या फिरक्या दिसायला सारख्या पण खाचेने वेगळ्या असतात, आणि काही सपाट पात्या उलट्याही बसतात. उलटी बसलेली पाती पिस्टनला धडकते आणि पहिल्याच रेसला पिस्टन, रिंग आणि सिलिंडर तिन्ही जातात. सुटे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर भिजवले की काजळी बरीच मऊ होते. उरलेली पितळी ब्रशने किंवा प्लॅस्टिकच्या पातीने काढावी, मग कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून हवेने वाळवावे.

आरएक्सच्या काळातली एक सवय इथे टाळलीच पाहिजे. त्या गाड्यांचा सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुण्याची रीत सर्वत्र होती, आणि पोलादी पाइपला त्याने काही होत नसे. ॲल्युमिनियमला मात्र कॉस्टिक अक्षरशः खाते. सिलिंडर किंवा ॲल्युमिनियमची झडप त्यात बुडवली की ती कायमची बाद झाली. तसेच सिलिंडरच्या आतल्या भिंतीला सँडपेपर लावू नये. आजच्या डर्ट बाइकमध्ये तिथे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ कठीण मुलामा असतो. तो खरवडला गेला तर जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरसारखा बोअर करून मोठा पिस्टन टाकता येत नाही, मुलामा नव्याने चढवून घ्यावा लागतो. आणि ज्या सिलिंडरचा व्यास कोणत्याही मार्गाने वाढवला गेला असेल, तिथे पातीचे टोक पिस्टनच्या वाटेत येत नाही ना, हे इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहिल्याशिवाय ते सुरू करू नये.

जोडताना ओ-रिंग आणि सील नवे घालावेत. दांड्याचे सील गेले तर काळे ऑइल बाहेर झिरपते किंवा गिअर ऑइल आत जाते. किनाऱ्यावर प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट अगदी थोडी लावावी. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळ देऊ नये. सुटे भाग परदेशातून यायला आठवडे लागतात, त्यामुळे आटे वाचवणे म्हणजे अख्खा मोसम वाचवणे. साफसफाई किती तासांनी करावी, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असते. किनाऱ्यावर आणि खनिज ऑइल वापरत असाल तर त्याहून लवकर करणे योग्य. ऑइलचा दर्जाही इथेच महत्त्वाचा ठरतो. जासो एफडी दर्जाचे ऑइल एफबीपेक्षा बरीच कमी काजळी करते. ३२ ला १ म्हणजे लिटरला ३१ मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली, ६० ला १ म्हणजे सुमारे १७ मिली. पुस्तिकेने सांगितलेले प्रमाण मापाने मोजून घ्यावे. ‘थोडे जास्त बरे’ या हिशेबाने ओतलेले ऑइल शेवटी पॉवर व्हॉल्व्हवरच जाऊन बसते.

एवढे झाल्यावर जुळणीकडे वळावे. तिचे तत्त्व सोपे आहे. व्हॉल्व्ह मिटलेला ठेवून इंजिनाचा जोर वेगानुसार मांडला तर एक वक्र मिळतो, पूर्ण उघडा ठेवून मांडला तर दुसरा. पहिला खाली उंच आणि वर ढासळणारा, दुसरा खाली खोल आणि वर उंच. दोन वक्र जिथे छेदतात, तिथेच व्हॉल्व्हने उघडायला हवे. त्याआधी उघडला तर मधल्या वेगाला खड्डा पडतो, गाडी क्षणभर पोकळ लागते. त्यानंतर फार उशिरा उघडला तर पहिला वक्र उतरू लागेपर्यंत वाट पाहावी लागते आणि मग एकदम धक्का बसतो. नवख्या स्वाराला हा धक्का ताकदीचा वाटतो. घड्याळ लावून पाहिले तर बहुतेक वेळा तो वेळेचा तोटाच असतो.

स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे, यावर उघडण्याची सुरुवात ठरते. गव्हर्नरच्या बहुतेक इंजिनांत स्क्रू घड्याळाच्या दिशेने आत घेतला की दाब वाढतो, छर्ऱ्यांना जास्त वेग लागतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि ताकद सौम्यपणे येते. मात्र मॉडेलागणिक दिशा बदलू शकते, म्हणून पुस्तिका पाहूनच हात लावावा. स्प्रिंगचा कडकपणा ही निराळी गोष्ट. मिटण्यापासून पूर्ण उघडण्यापर्यंत वेगाचा किती पट्टा जातो, हे त्यावर ठरते. ही दोन कामे अनेकांच्या मनात एकत्र होतात आणि मग स्क्रूने जे साधणार नाही ते स्क्रूकडून मागितले जाते. केटीएमच्या २५० आणि ३०० सीसीच्या इंजिनांत, इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह येण्यापूर्वी, जोडस्प्रिंग तीन रंगांत मिळत असे : पिवळी मूळची, हिरवी सौम्य, लाल आक्रमक. बेटा कंपनीच्या गाड्यांत बाहेरून फिरवायचा स्क्रू असतो. यामाहाच्या वायझेड मालिकेत बाहेरून जुळणीची सोयच ठेवलेली नाही. तिथे मूळ मांडणीवर विश्वास ठेवणे हेच बहुतेकांच्या हिताचे.

प्रत्यक्ष काम करताना स्क्रू आधी सावकाश तळाला टेकेपर्यंत आत घ्यावा, किती वळसे गेले ते लिहून ठेवावे आणि मग तो मूळ जागी आणावा. ही नोंद नसेल तर परतीचा रस्ता राहत नाही. बदल एका वेळी पाव वळशाचा. इंजिन पूर्ण गरम, टायरची हवा तीच, उतार-चढाव तोच, स्वार तोच. एखाद्या सलग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वेग खाली येऊ द्यावा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण द्यावा आणि कान व बूड दोन्हींनी पाहावे : कुठे खड्डा पडतो, कुठे धक्का बसतो. आधी सौम्य बाजूला जाऊन पाहावे, मग आक्रमक बाजूला. मधली जागा आपोआप सापडते. एकाच दिवशी जेटही बदलला आणि स्क्रूही फिरवला, तर कशाने काय झाले हे कोणालाच सांगता येणार नाही.

रायगडात जमीन ऋतूप्रमाणे पार बदलते. पावसाळ्यात जांभ्याच्या चढावर शेवाळ आणि चिकट माती असते. तिथे धक्का देणारी गाडी मागचे चाक नुसते गरगर फिरवते. उशिरा आणि हळूहळू उघडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे किंचित जास्त दाब किंवा सौम्य स्प्रिंग, तिथे उपयोगी. कोरड्या मोकळ्या माळावर किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर लवकर उघडणारी मांडणी चालते. मुलाच्या ८५ सीसी गाडीवर सुरुवात नेहमी सौम्य बाजूनेच करावी. ताकद अचानक आल्याने पडलेले मूल घाबरते आणि शिकणे मागे पडते.

हवेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, कारण तो कार्ब्युरेटरचा आहे आणि व्हॉल्व्हवर ढकलला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथे नीट बसवलेली गाडी अलिबागला आली की तिला पाच-सहा टक्के जास्त दाट हवा मिळते, मिश्रण पातळ होते आणि पूर्ण ॲक्सिलरेटरवर पिस्टन सीज होण्याचा धोका वाढतो. मुख्य जेट एक-दोन नंबर मोठा लागतो. उलट जूनमधल्या ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत वाफेचाच वाटा साडेतीन टक्क्यांच्या वर जातो. तेवढा प्राणवायू कमी, म्हणून मिश्रण किंचित दाट आणि जोर किंचित कमी. हा जोर स्क्रू फिरवून परत मिळत नाही. २०२३ पासून आलेल्या ई-२० पेट्रोलने आणखी एक गोष्ट बदलली. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. जुन्या जेटवर तेच इंजिन त्यामुळे पातळ चालते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषते. पाणी जास्त झाले की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा बसतो. त्या थरात ऑइल नसते, आणि इंजिनात पहिल्यांदा जातो तोच. किनाऱ्यावर महिनाभर पडून राहिलेले मिश्रण म्हणूनच टाकून द्यावे, वाचवू नये.

गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. प्लगच्या भोकातून थोडे टू-टी ऑइल सोडून किक दोन-तीनदा हळू फिरवावी, पाइपचे आणि एअरबॉक्सचे तोंड प्लॅस्टिकने बांधावे. आठवड्यातून एकदा किक थोडी फिरवली तर पिस्टन आणि बेअरिंगांवर ऑइलचा थर राहतो. पॉवर व्हॉल्व्ह मात्र त्याने हलत नाही, कारण गव्हर्नरला वेग लागतो. ज्या इंजिनात दांडा बाहेरून पोहोचतो तिथे तो हातानेच फिरवून पाहावा. दिवाळीनंतर गाडी काढताना आधी व्हॉल्व्ह मोकळा आहे हे तपासावे, मग इंजिन सुरू करावे.

२०२३ च्या मॉडेलपासून केटीएमच्या मोठ्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांत इंधन इंजेक्शन आणि इलेक्ट्रॉनिक पॉवर व्हॉल्व्ह आला. वेग आणि ॲक्सिलरेटर पाहून छोटी मोटर व्हॉल्व्ह हलवते, आणि स्वार हँडलवरच्या बटणाने दोन मांडण्यांतली एक निवडतो. अशा गाडीत फिरवायला स्क्रू नाही आणि बदलायला रंगीत स्प्रिंगही नाही. काजळी मात्र तिच्याही झडपेवर बसते, आणि साफसफाईचे वेळापत्रक तिच्याही पुस्तिकेत आहे.